आहेर घेतला, पण वहीत नोंद नाही : ग्रंथालय निधी समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
ग्रंथालय संगणकीकरण निधी समिती

सप्रेम नमस्कार.

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहायला आम्ही निधी मागितला होता, त्यावरचं आपलं पत्र मिळालं. चार ओळींचं आहे, त्यातल्या तीन मला पाठ झाल्या आहेत. “सदर सॉफ्टवेअर निःशुल्क उपलब्ध असल्याने त्याच्या माहितीपुस्तिकेवर खर्च करण्याचे प्रयोजन दिसत नाही. तसेच प्रस्तावातून कोणतीही भौतिक मालमत्ता निर्माण होत नाही. सबब प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे.”

आम्ही ग्रंथपाल मंडळी ‘दाखल’ हा शब्द रोज वापरतो. आमच्याकडे पुस्तक दाखल झालं की त्याला क्रमांक मिळतो, पाठीवर चिठ्ठी लागते आणि ते वाचकाच्या हातात जायला मोकळं होतं. कचेरीच्या भाषेत दाखल झालेला कागद पुन्हा उजेड बघत नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असे कागद पुष्कळ पाहिले आणि गप्प बसले. या वेळी बसवत नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

समितीचं पूर्ण नाव-गाव लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. आपल्याला पत्र पोचेलच. शिवाय दुसऱ्या एखाद्या समितीकडे अर्ज केला असता तर उत्तराची भाषा फार वेगळी असती, असं मला वाटत नाही. ज्या समितीला हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, तिने ते खुशाल आपलं समजावं.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाची ग्रंथपाल. आमच्याकडे एकतीस हजार पुस्तकं, दोन परिचर, एक सर्व्हर म्हणवला जाणारा साधा संगणक आणि 2013 पासून कोहा. तेव्हा 3.12 ही आवृत्ती बसवली होती. ती बसवताना मी एक निळी लाँगबुक घेतली आणि जे कळेल ते लिहीत गेले. आज त्या वहीची 186 पानं भरली आहेत. जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या 43 ग्रंथालयांचा आमचा एक गट आहे. महाविद्यालयांची आहेत, तशीच सरकारी वर्गवारीतल्या ‘ब’ आणि ‘क’ वर्गातली सार्वजनिक वाचनालयंही आहेत. त्यांच्या अडचणी माझ्याकडे फोनवर येतात, मी वही उघडते आणि वाचून दाखवते. आमच्या भागात कोहाची मराठी माहितीपुस्तिका म्हणजे एवढीच : एक बाई, एक वही आणि एक मोबाइल.

हे पत्र ग्रंथालयाबाहेरचे लोकही वाचतील, म्हणून कोहाबद्दल थोडं सांगते. न्यूझीलंडमध्ये लेव्हिन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथली वाचनालयं चालवणारी होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट 1999 मध्ये आपल्यासारखीच अडचणीत होती. जुनी संगणक प्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हती आणि नवी विकत घ्यायला पैसे पुरत नव्हते. त्यांनी वेलिंग्टनच्या कटिपो कम्युनिकेशन्स या लहान कंपनीकडून आपल्यापुरती प्रणाली लिहून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती कामाला लागली. मग त्यांनी ती कुलपात ठेवली नाही. जीपीएल परवान्याखाली जगाला देऊन टाकली, म्हणजे कोणीही वापरावी, बदलावी आणि बदललेली पुढे द्यावी. आज देवघेव, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी), नियतकालिकं, दंड, साठा पडताळणी, वाचकांना पुस्तक शोधायला ओपॅक असं सगळं त्यात होतं. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते.

‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. शब्दकोशात ‘भेट’ असा अर्थ सापडतो, पण त्या भेटीत परतफेडीची जाणीव धरलेली असते. पाहुणा यजमानाकडे जाताना नेतो ती. मला हे वाचताक्षणी आपला आहेर आठवला. आमच्याकडे लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक माणूस वही घेऊन बसतो. कोणी किती दिले, पातळ की भांडं, सगळं लिहून ठेवतो, कारण त्यांच्या घरी कार्य निघालं की ते फेडायचं असतं, वर चार पैसे घालून. आपण सगळ्यांनी लेव्हिनच्या लोकांचा हा आहेर वीस-पंचवीस वर्षं घेतला. वहीत मात्र नोंद केली ‘निःशुल्क’.

आता आपल्या पत्रातल्या ओळी एकेक करून घेते.

पहिली, ‘निःशुल्क उपलब्ध असल्याने’. सॉफ्टवेअरचा परवाना फुकट आहे, हे बरोबर. पण मग आमच्या महाविद्यालयाने 2013 पासून पैसे कशावर घातले? संगणकावर, बारकोड यंत्रावर, इन्व्हर्टरवर, नोंदी टंकून देणाऱ्यांवर आणि सगळ्यात जास्त वार्षिक देखभाल करारावर. या करारात काय येतं हे एकदा आपण विचारून पाहावं. आमच्या आधीच्या कंत्राटदाराने दोन वर्षं आम्हाला आमच्याच सर्व्हरचा पासवर्ड दिला नव्हता. मागितला की म्हणायचा, “मॅडम, तुम्ही काहीतरी बिघडवाल.” दंडाचा दर एक रुपयावरून दोन रुपये करायचा तर त्याला फोन, सुट्ट्यांचं कॅलेंडर भरायचं तर त्याला फोन. ही दोन्ही कामं ग्रंथपालाला बसल्या जागी पाच मिनिटांत करता येतात, फक्त कुठे जायचं ते ठाऊक हवं. ते ठाऊक नाही म्हणून आम्ही वर्षाला पैसे भरत होतो. मी त्या माणसाला दोष देत नाही, त्याचा धंदाच आमच्या अज्ञानावर उभा होता. पण जी माहिती लिहून ठेवायला आपण ‘प्रयोजन नाही’ म्हणता, तिचं बिल आम्ही दर मार्चमध्ये चुकतं करतोय, हे आपल्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

दुसरी ओळ, ‘कोणतीही भौतिक मालमत्ता निर्माण होत नाही’. हिच्यावर मला जरा जास्त लिहायचंय.

शेजारच्या तालुक्यात एक महाविद्यालय आहे. तिथले ग्रंथपाल निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही, कार्यभार एका वरिष्ठ लिपिकाकडे आला. पद रिक्त राहणं ही आपल्याकडे बातमीसुद्धा राहिलेली नाही, म्हणून ते एवढ्यावरच सोडते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि तिथल्या सर्व्हरची डिस्क गेली. रात्री साडेनऊला त्या लिपिकांचा फोन. “मॅडम, कोहा उघडत नाही.” मी विचारलं, बॅकअप आहे ना? ते एकदम निवांत झाले. “हो मॅडम, रोज रात्री आपोआप होतो. साहेब जाताना सांगून गेलेत.”

साहेबांनी खरंच सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. कोहा नेहमीच्या पद्धतीने डेबियन या मुक्त संचालन प्रणालीवर बसवलं की रोज रात्री कोहा-डंप नावाची आज्ञा आपोआप चालते. तारखेच्या नावाने दोन फायली तयार होतात. एकीत सगळ्या नोंदी, दुसरीत मांडणीच्या फायली. त्या जाऊन बसतात व्हार, मग स्पूल, मग कोहा, अशा एकात एक असलेल्या फोल्डरांत. म्हणजे त्याच संगणकात, त्याच डिस्कवर. रोज त्या फायली पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यायच्या असतात, ही अर्धी गोष्ट साहेबांना कोणी सांगितली नव्हती, म्हणून ते पुढे सांगून गेले नाहीत.

चौदा हजार नोंदी गेल्या. नशीब एवढंच की दाखल नोंदवह्या जपून ठेवल्या होत्या. दोन परिचर सात महिने त्या वह्या समोर ठेवून पुन्हा टंकत होते. त्या सात महिन्यांत मुलांना पुस्तकं चिठ्ठीवर दिली, काही परत आली, काही नाही. वर्षाच्या शेवटी बेबाकी दाखला देताना कोणाकडे काय आहे हे कोणालाच सांगता येईना.

माझ्या वहीत पान 61 वर हे सगळं अकरा ओळींत लिहिलेलं आहे. ते पान त्या टेबलावर असतं तर? डिस्क गेलीच असती, दुसऱ्या दिवशी नवी आणून पेनड्राइव्हवरून कोहा-रिस्टोअर चालवलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत देवघेव सुरू. आता मला सांगा, त्या चौदा हजार नोंदी ही मालमत्ता होती की नव्हती? संगणकाचा घसारा तर आपण दरवर्षी लावतोच.

आपण पुढच्याच यादीत त्याच महाविद्यालयाला चार नवे संगणक मंजूर केलेत, हे मी वाचलं. आनंद आहे. त्यांच्यासोबत अकरा ओळींचा कागद गेला असता तर जास्त झाला असता.

तिसरी गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण बैठकीत एका सदस्यांनी बोलून दाखवली असं कळलं : “इंग्रजीत पुस्तिका आहे, व्हिडिओ आहेत, आणखी काय पाहिजे?” प्रश्न रास्त आहे.

कोहाची इंग्रजी पुस्तिका चांगली आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी, बहुतेक ग्रंथपालांनीच, वर्षानुवर्षं खपून लिहिलेली आहे आणि मी तिच्याबद्दल वावगं बोलणार नाही. पण ती जंत्री आहे. या पडद्यावर हे बटण, त्याचा हा अर्थ, पुढच्या पडद्यावर ते बटण. किराण्याच्या दुकानात सगळ्या डब्यांवर नावं लावलेली असावीत तशी. ज्याला पुरणपोळी करायची आहे त्याला डब्यांची नावं वाचून पोळी येत नाही, त्याला कृती लागते. ‘क’ वर्गाच्या वाचनालयातल्या मुलाला पहिल्या दिवशी काय करायचं, शंभर पुस्तकं कशी चढवायची, वर्षअखेर साठा पडताळणी कशी करायची, वर्गणी थकलेल्या सभासदाचं खातं कसं थांबवायचं, हे एकापाठोपाठ एक सांगणारा कागद हवा असतो, आणि तो त्याला वाचता येईल अशा भाषेत.

व्हिडिओंचंही तसंच. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कोहावर ध्वनिचित्र-पाठ आहेत. मी स्वतः त्यांवरून शिकले आणि इतरांना शिकवलं. पण ओपॅक बंद पडलंय, समोर पंधरा मुलं उभी आहेत, अशा वेळी दहा मिनिटांच्या चित्रफितीत नेमकं वाक्य कुठल्या मिनिटाला आहे ते शोधायला सवड नसते. आणि पडदा बदलला की चित्रफीत पुन्हा करावी लागते, कागदावरच्यासारखी एक ओळ बदलून भागत नाही. 22.11 या आवृत्तीत कर्मचाऱ्यांच्या बाजूच्या पडद्याचं रूपच पालटलं. माझ्या वहीत ‘वर उजवीकडे’ लिहिलेलं बटण तिसरीकडेच गेलं. दोन रविवार बसून मी जवळजवळ तीस पानांवर लाल शाईने दुरुस्त्या केल्या. व्हिडिओत लाल शाई चालत नाही.

आणि मराठीचं काय? हे दुखणं बाहेरून आलेल्या कुठल्याच पुस्तिकेला कळणार नाही, म्हणून सविस्तर सांगते.

कोहा बसवून वर्ष झालं असेल. बी. ए. मराठीची एक मुलगी येऊन म्हणाली, “मॅडम, संगणक म्हणतो हे पुस्तक आपल्याकडे नाहीच.” पुस्तक तिच्या मागच्याच कपाटात होतं, मला इथूनही दिसत होतं. मी स्वतः टंकून पाहिलं. इंग्रजी पुस्तकं झटक्यात सापडत होती, मराठी शोधलं की कधी शून्य, कधी भलतीच यादी. परिचर म्हणाला, मॅडम, आपली मुलं चुकीचं टाइप करतात. मीही काही दिवस तेच धरून चालले, याची आजही लाज वाटते.

दोष मुलांचा नव्हता. कोहाच्या पोटात झेब्रा नावाचा एक भाग असतो, तो सगळ्या नोंदींची शोधसूची बांधतो. तो जसा बसतो त्या मूळ मांडणीत रोमन लिपी गृहीत धरलेली असते. काना, मात्रा, वेलांट्या नीट समजाव्यात म्हणून त्याला आयसीयू ही दुसरी पद्धत वापरायला सांगावं लागतं. एका फायलीतली एक ओळ बंद करायची, दुसरी चालू करायची आणि सगळी सूची नव्याने बांधायला लावायची. आमच्या पुस्तकांना पाऊण तास लागला. हे मला केरळमधल्या एका ग्रंथपालांनी फोनवर समजावलं. मल्याळम पुस्तकांच्या बाबतीत ते या वाटेवरून आधी गेले होते. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची गाठ पडायला सुरुवातीचा अर्धा तास गेला. जवळपास वर्षभर आमच्या मराठी पुस्तकांना ओपॅकमध्ये अस्तित्व नव्हतं आणि उपाय होता एका ओळीचा.

त्याने संपलं असं नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एका कळफलकावर ‘र’खाली नुक्ता असलेलं अक्षर पडतं, दुसऱ्यावर साधा ‘र’, पाय मोडून, मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच : जुन्या पद्धतीत तो ‘अ’ला चंद्र जोडून होतो, नव्यात ते स्वतंत्र अक्षर आहे. एका परिचराने एक कळफलक वापरला, दुसऱ्याने दुसरा, आणि आमचे ‘ॲटलास’, म्हणजे नकाशासंग्रह, दोन ढिगांत वाटले गेले. श्रीलिपीत टंकलेल्या जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणताना काय होतं, ते लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही. लेखकांच्या नावांची तर वेगळीच तऱ्हा. आडनाव आधी घ्यायचं की नाव, आद्याक्षरं ठेवायची की पूर्ण नाव लिहायचं, टोपणनावाने लिहिणारा कवी आणि खऱ्या नावाने लिहिणारा नाटककार एकच असला तर त्यांना एका धाग्यात कसं बांधायचं. प्रत्येक ग्रंथालयाने आपापल्या अकलेने ठरवलंय. उद्या जिल्ह्याची संयुक्त तालिका करायची म्हटली तर एकाच लेखकाची पाच माणसं होतील.

याची उत्तरं लेव्हिनमध्ये बसून कोणी लिहिणार नाही, त्यांना हे प्रश्नच नाहीत. ती आपल्यालाच लिहावी लागतील. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रंथालयातही पेढे वाटले. या अभिजात भाषेत ‘ग्रंथालयाचा बॅकअप कसा घ्यावा’ यावर नीट लिहिलेलं, आजच्या आवृत्तीला लागू पडणारं एक पान मला अजून सापडलेलं नाही.

चौथं : ‘एवढंच आहे तर स्वयंसेवक लिहितील की.’ हे मला फार लोकांनी, फार प्रेमाने सांगितलं. मी स्वयंसेवकच आहे. 186 पानं पगाराशिवायच लिहिली. पण वही आणि पुस्तिका यांत फरक असतो. वही मला कळते. पुस्तिका मला न ओळखणाऱ्याला कळावी लागते. त्यासाठी कोणीतरी ती सलग लिहायला हवी, दुसऱ्याने वाचून प्रश्न विचारायला हवेत, तिसऱ्याने प्रत्यक्ष कोहावर करून पाहायला हवं, आणि मे-नोव्हेंबर उलटला की पुन्हा सगळं तपासायला हवं. संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापून झाल्यावर उरलेल्या वेळात हे होत नाही. गिटहब या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या संकेतस्थळाने 2017 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एक सर्वेक्षण केलं होतं. अपुरी किंवा शिळी माहितीपुस्तिका ही अडचण 93 टक्के लोकांनी सांगितली, आणि आपण स्वतः पुस्तिकेच्या कामाला क्वचित हात लावतो किंवा कधीच लावत नाही, असं 60 टक्क्यांनी कबूल केलं. हे संगणकाच्या जगात मुरलेले लोक. त्यांची ही कथा, तर वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्याकडून काय मागता?

म्हणून ज्यांना हे उमगलं त्यांनी पैसे घातले. गूगलने 2019 मध्ये ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केलं, केवळ माहितीपुस्तिकांसाठी. 2021 पासून त्यात एकेका प्रकल्पाला 5,000 ते 15,000 डॉलर दिले गेले, तेव्हाच्या दराने साधारण पावणेचार ते अकरा लाख रुपये. आपल्या देशात, बेंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीने 2024 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत देणारा निधी जाहीर केला. केंद्र सरकारचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण तर 2015 चं आहे. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली कंपन्या जो सामाजिक खर्च करतात, त्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयांचा उल्लेख नावाने आहे. पैसा नाही, ही सबब निदान या विषयात टिकत नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधीतून आपल्याकडे पुस्तकं आली, कपाटं आली, इमारती झाल्या. त्या रांगेत पुस्तिका उभी करायला कोणाला सुचलं नाही एवढंच.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालयाचं संगणकीकरण विचारत आले आहेत. सॉफ्टवेअरचं नाव, पूर्ण की अंशतः, आवृत्ती कोणती, वर्ष कोणतं. चार रकाने. मी ते तीनदा भरले. पाचवा रकाना असता, ‘ग्रंथपाल रजेवर असताना हे कोण चालवतो?’, तर राज्यातल्या किती महाविद्यालयांची पेन अडली असती!

आम्ही मागितलं काय होतं, तेही लोकांना कळू दे. एकूण 9,60,000 रुपये, तीन वर्षांसाठी. पहिल्या वर्षी दोन लेखकांना महिना 25,000 प्रत्येकी, म्हणजे 6,00,000. बारा ग्रंथालयांत जाऊन परिचरांकडून पानन् पान करून बघायला 1,20,000. संपादन आणि पडद्यांची चित्रं 90,000. पुढची दोन वर्षं दर आवृत्तीला दुरुस्ती करायला 1,50,000. आमच्या 43 ग्रंथालयांवर वाटलं तर प्रत्येकी साडेबावीस हजारांच्या आत, तेही तीन वर्षांत एकदा. आणि पुस्तिका 43 जणांपुरती राहणार नव्हतीच, कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत कोणीही ती उतरवून घेतली असती. गोव्यातल्या मराठी ग्रंथालयांनाही चालली असती.

आमच्या अर्जात चुका नव्हत्या असं नाही. ‘माहितीपुस्तिका’ हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर गुळगुळीत कागदावरची, पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो असलेली स्मरणिका आली असेल तर तो दोष आमच्या मांडणीचा. आम्ही तसलं काही छापणार नव्हतो.

आता मागण्या. त्या साध्या आहेत.

1. दप्तरी दाखल केलेला प्रस्ताव बाहेर काढून त्यावर फेरविचार करावा, आणि त्या बैठकीला आमच्या गटातले दोन जण बोलवावेत. त्यांतला एक परिचर असावा. पुस्तिका कोणासाठी हवी, ते माझ्यापेक्षा तो नीट सांगेल.

2. यापुढे संगणकीकरणासाठी जो निधी मंजूर होईल, त्यातले किमान पाच टक्के माहितीपुस्तिका आणि प्रशिक्षण यांसाठी वेगळ्या शीर्षाखाली ठेवावेत. संगणक आणि सीसीटीव्हीकडे ते वळवता येऊ नयेत.

3. लिहिणाऱ्यांना मानधन द्यावं. सन्मानचिन्ह, शाल आणि प्रमाणपत्र आमच्याकडे पुरेशी झाली आहेत.

4. जे लिहिलं जाईल ते मुक्त परवान्याखाली असावं आणि कोहाच्या मूळ प्रकल्पाला परत दिलं जावं. देवनागरी शोधाचं प्रकरण इंग्रजीतही लिहून पाठवावं, ते हिंदी-नेपाळीवाल्यांनाही लागेल. समितीच्या मालकीची, कुलूपबंद पीडीएफ करू नये. आहेर फेडायचा तर असा फेडता येतो.

5. दर मे आणि नोव्हेंबरच्या आवृत्तीनंतर दुरुस्तीची तरतूद तीन वर्षांसाठी आधीच असावी. एकदा लिहून सोडून दिलेली पुस्तिका न लिहिलेल्या पुस्तिकेपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो.

6. पुस्तिका तयार झाली हे ठरवायची कसोटी प्रकाशन समारंभाची नसावी. कोहा कधीच न पाहिलेल्या एका परिचराच्या हातात ती द्यावी, ग्रंथपालाने खोलीबाहेर जावं, आणि त्याने पुस्तक चढवून, देऊन, परत घेऊन, बॅकअप पेनड्राइव्हवर उतरवून दाखवावा. झालं तर झालं.

शब्दांबद्दल एक सुचवते, ही मागणी नाही. पुस्तिकेची भाषा ठरवताना ग्रंथालयशास्त्राचा परिभाषा कोश जवळ असू दे, पण आधी आमच्या परिचरांना विचारा. कोहात ज्याला ‘होल्ड’ म्हणतात, त्याला ते ‘नंबर लावला’ म्हणतात. ‘चेक इन’ला ‘जमा’. ‘रिन्यू’ला ‘तारीख वाढवली’. हे शब्द रोजच्या देवघेवीत घासून गुळगुळीत झालेले आहेत. त्यांच्या जागी नवे घडवायला बसलात तर आणखी तीन वर्षं जातील.

आपल्या लेखी उत्तराची मी तीस दिवस वाट पाहीन. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल, पण त्यात कारण असावं, ‘सबब’ नको. उत्तर जे येईल ते मी गटातल्या सगळ्या ग्रंथालयांना वाचून दाखवणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पुढच्या वर्षी 31 मे रोजी मी निवृत्त होतेय. माझं पद भरलं जाईल का, मला माहीत नाही. निळी वही माझ्या टेबलामागच्या कपाटात तिसऱ्या खणात, दाखल नोंदवह्यांच्या शेजारी ठेवलेली असेल. पान 61 ला लाल दोरा बांधलाय. अक्षर जरा किरटं आहे, आणि 22.11 नंतरच्या दुरुस्त्या कुठे कुठे समासात, उभ्या लिहिल्या आहेत.

आपली,
एक ग्रंथपाल